घरातला पोपट बेकायदा, मग मकाव कायदेशीर कसा? वेगळे प्राणी-पक्षी पाळण्याचे नियम समजून घ्या

घरात टांगलेला पिंजरा, त्यात पेरूची फोड, हिरवी मिरची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘मिठू मिठू’ करणारा पोपट. हे दृश्य आपल्याकडे इतके ओळखीचे आहे की, त्यासाठी परवाना लागतो का, असा प्रश्नही कुणाला पडत नाही. प्रत्यक्षात हा हिरवा पोपट घरात ठेवणे गुन्हा आहे आणि हौसेखातर पाळण्यासाठी त्याचा परवाना मिळतच नाही. याउलट, मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि लाखाच्या घरात किंमत सांगितला जाणारा निळा-पिवळा मकाव मात्र कागदपत्रे पूर्ण असतील तर घरात ठेवता येतो.

हे उलटे वाटेल, पण कायद्याचे गणित सरळ आहे. प्राणी माणसाळलेला आहे का, किती महाग आहे किंवा किती वर्षे घरात आहे, हे कायदा आधी विचारत नाही. तो विचारतो, ही प्रजाती कोणती? उत्तरानुसार तीन वेगळे रस्ते फुटतात. इन्स्टाग्रामवरच्या रील्स पाहून इग्वाना, बॉल पायथन, शुगर ग्लायडर किंवा आफ्रिकन ग्रे पोपट घ्यायचा विचार करत असाल, तर आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे पैसे देण्याआधी माहीत असायला हवे.

तीन रस्ते कोणते?

- पहिला : भारतात निसर्गतः आढळणारे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ किंवा २ मधील प्राणी-पक्षी. हे घरात पाळता येत नाहीत.
- दुसरा : ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील विदेशी प्रजाती. या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येतात. नोंदणी करून पाळता येतात.
- तिसरा : कोणत्याही यादीत नसलेले किंवा पूर्णपणे पाळीव प्राणी. वन्यजीव कायद्याची नोंदणी लागत नाही, पण आयात, क्रूरता प्रतिबंध आणि महापालिकेचे नियम लागू होतात.

वन्यजीव कायद्यात पूर्वी सहा अनुसूची होत्या. २०२२ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता चारच अनुसूची आहेत. पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची आणि चौथी ‘सायटीस’ची. त्यामुळे इंटरनेटवर एखादा जुना लेख वाचून ‘हा प्राणी तर अनुसूची ४ मध्ये आहे, म्हणजे फारसे काही नाही’ असा अर्थ काढू नका. अनुसूचीचा क्रमांक तोच राहिला असला, तरी तिच्यातली यादी पूर्णपणे बदलली आहे. हिरवा पोपटच घ्या. तो जुन्या अनुसूची ४ मध्ये होता, आता अनुसूची २ मध्ये आहे.

भारतीय प्रजाती : परवाना का मिळत नाही?

या गटात पोपट आणि पहाडी पोपट येतात. मुनिया, मोर, घोरपड, मुंगूस, नाग आणि अजगरही येतात. पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असलेले स्टार कासवही याच गटातले. वास्तुदोष जातो किंवा पैसा येतो या समजुतीपायी अनेक घरांत हे कासव ठेवले जाते. ‘दुतोंड्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांडूळ सापाची गुप्तधनाच्या अंधश्रद्धेतून होणारी तस्करी महाराष्ट्राला नवी नाही. हे सारे प्राणी संरक्षित आहेत.

कायद्याच्या नजरेत ‘शिकार’ म्हणजे केवळ मारणे नाही. पकडणे, सापळ्यात अडकवणे, घरट्यातून पिल्ले किंवा अंडी काढणे हेही शिकारीच्या व्याख्येत बसते. बाजारात येणारा जवळपास प्रत्येक पोपट कधीतरी झाडाच्या ढोलीतून पिल्लू म्हणून उचललेला असतो. मागणी पिंजऱ्याची असते आणि पुरवठा ढोलीतून होतो, म्हणूनच कायद्याने ठेवण्यावरच बंदी घातली आहे.

‘पण आमचा पोपट घरातच अंड्यातून बाहेर आला,’ हा युक्तिवादही चालत नाही. अनुसूचीतला प्राणी पकडलेला असो वा बंदिवासात जन्मलेला, त्याला कायदा ‘बंदिस्त प्राणी’च मानतो.

स्टार कासवाबाबत एक गोंधळ हमखास होतो. ‘सायटीस’ने २०१९ मध्ये या कासवाला सर्वाधिक संरक्षणाच्या परिशिष्ट १ मध्ये टाकले. त्यामुळे ‘सायटीसच्या यादीत आहे ना, मग विदेशी प्राण्यासारखी नोंदणी करून टाकू,’ असे काहींना वाटते. पण ते भारतीय कासव आहे आणि देशी वन्यजीव म्हणून संरक्षित आहे. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचा मार्ग त्याला लागू होत नाही.

आम्ही तर जीव वाचवला होता!

पावसाळ्यात घरट्यातून पडलेले पिल्लू, मांज्यात अडकलेली घार, रस्त्यावर सापडलेले कासव. अशा वेळी मदत करणे गुन्हा नाही. गुन्हा सुरू होतो तो नंतर, म्हणजे कुणालाही न कळवता तो जीव घरीच ठेवून घेतला तर.

कायद्यानुसार असा वन्यजीव सरकारी मालमत्ता असतो. तो कोणत्याही मार्गाने तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे आणि मागितल्यास सोपवणेही.

२०२३ मधील उत्तर प्रदेशातील सारस क्रौंचाचे प्रकरण आठवत असेल. अमेठी जिल्ह्यातील एका तरुणाने जखमी सारसावर उपचार केले. पुढे तो पक्षी त्याच्या दुचाकीमागे उडू लागला. व्हिडिओ देशभर फिरले. मार्च २०२३ मध्ये वन विभागाने सारस ताब्यात घेतला, आधी समसपूर पक्षी अभयारण्यात आणि नंतर कानपूर प्राणिसंग्रहालयात हलवला. त्या तरुणाला वन्यजीव कायद्याखाली नोटीसही गेली. सारस पिंजऱ्यात नव्हता, त्याच्या इच्छेने येत-जात होता, असा त्याच्या बाजूने युक्तिवाद झाला आणि सोशल मीडियावर लोक मोठ्या प्रमाणात त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यातून पक्ष्याचे भले झाले का, यावर आजही दोन मते आहेत. पण प्रेमाने ठेवले, हा कायद्यातला बचाव नाही, हे त्या प्रकरणाने स्पष्ट केले.

शिक्षा काय आहे?

- अनुसूची १ मधील प्राणी : किमान ३ ते कमाल ७ वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड.
- अनुसूची २ मधील प्राणी, उदा. हिरवा पोपट : सर्वसाधारणपणे ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षेहून महत्त्वाचा मुद्दा पुराव्याचा आहे. सामान्य गुन्ह्यात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. वन्यजीव कायद्यात मात्र प्राणी तुमच्या ताब्यात सापडला हे सिद्ध झाले की, तो ताबा बेकायदा आहे असेच गृहीत धरले जाते. तो कायदेशीर आहे हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणूनच या विषयात कागद हा प्राण्याइतकाच जपून ठेवावा लागतो.

विदेशी प्राणी : नोंदणी कशी होते?

‘सायटीस’ हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार आहे. तो १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत मात्र एक मोठी फट होती. विमानतळ ओलांडून प्राणी एकदा देशात आला की, त्याच्यावर वन्यजीव कायद्याचा फारसा अंमल नसे. मे-जून २०२० मध्ये केंद्राने ‘स्वेच्छा घोषणा योजना’ आणून, सहा महिन्यांत माहिती देणाऱ्यांकडे कागदपत्रे मागणार नाही, असे सांगितले. पण ती एक वेळची सवलत होती.

आता अनुसूची ४ मधील जिवंत प्राणी ठेवणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी सक्तीची आहे. त्यासाठीचे नियम केंद्राने फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस अधिसूचित केले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते, त्यांना सहा महिन्यांची, म्हणजे ऑगस्ट २०२४ अखेरपर्यंतची मुदत होती. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो.

प्रक्रिया अशी आहे :

- अर्ज केंद्राच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. शुल्क १,००० रुपये.
- प्राण्याची प्रजाती, संख्या, ओळखखूण, तो कुठे आणि कसा ठेवला आहे आणि कुठून मिळाला याचा तपशील द्यावा लागतो. पक्ष्याच्या पायातली रिंग किंवा मायक्रोचिपचा क्रमांक इथे उपयोगी पडतो.
- नोंदणी एकदाच करून काम संपत नाही. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर ठरलेल्या मुदतीत पोर्टलवर कळवावे लागते.
- परिशिष्ट १ मधील प्रजातींचे प्रजनन करायचे असेल, तर वेगळा परवाना लागतो. केवळ नोंदणी पुरत नाही.

२०२० मध्ये घोषणा केली होती म्हणून नव्या नियमांखालची नोंदणी आपोआप झाली, असे गृहीत धरू नका. पोर्टलवर आपली नोंद तपासून घ्या.

कोणती प्रजाती कुठे बसते? आफ्रिकन ग्रे पोपट परिशिष्ट १ मध्ये आहे. निळा-पिवळा मकाव, सन कॉन्युअर, हिरवा इग्वाना, बॉल पायथन, सुल्काटा कासव आणि मार्मोसेट हे छोटे माकड परिशिष्ट २ मध्ये आहेत. या साऱ्यांना नोंदणी लागते. मात्र मकाव म्हणून सगळे मकाव सारखे नसतात. लाल मकाव आणि गडद निळा हायसिंथ मकाव परिशिष्ट १ मध्ये मोडतात. म्हणून दुकानात वापरल्या जाणाऱ्या नावावर न जाता शास्त्रीय नाव विचारा आणि ‘सायटीस’च्या यादीत तेच नाव शोधा.

पावती म्हणजे परवाना नव्हे

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. दुकानदार सांगतो, ‘कागद आहेत’. कागद म्हणून हातात येते ती साधी रोखीची पावती किंवा व्हॉट्सअॅपवर आलेला एखाद्या प्रमाणपत्राचा फोटो. त्या प्रमाणपत्रावरचा प्राणी आणि तुम्हाला दिलेला प्राणी एकच आहे, याची खात्री कुणी देत नाही.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. २०२५ च्या मध्यास थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क विभागाला डझनावारी विषारी साप आणि पाच कासवे सापडली. दक्षिण-पूर्व आशियातून येणाऱ्या विमानांत असे प्राणी सापडण्याच्या बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. बॅगेत दडपून आणलेल्यांतले अनेक प्राणी वाटेतच मरतात. जे सुटतात, ते पुढे कुणाच्या तरी दिवाणखान्यात पोहोचतात.

दुकानांसाठी २०१८ चे पेट शॉप नियम आहेत. त्यानुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. म्हणून खरेदीआधी या तीन गोष्टी मागा :

१. दुकानाचे नोंदणी प्रमाणपत्र.

२. विक्रेत्याच्या नावावरची त्याच प्राण्याची ‘परिवेश’वरील नोंदणी आणि रिंग किंवा चिप क्रमांक जुळतो का याची खात्री.

३. मालकी तुमच्या नावावर करून देण्याचे ऑनलाइन हस्तांतर. ‘ते नंतर बघू’ असे उत्तर आले तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग यादीबाहेरचे प्राणी?

बजरीगर, कॉकटेल, हॅमस्टर, गिनीपिग, पाळीव ससा आणि पांढरे उंदीर यांना वन्यजीव कायद्याखाली नोंदणी लागत नाही. आपण ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतो, तो बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियाचा बजरीगरच असतो. शुगर ग्लायडर आणि आफ्रिकन हेजहॉग हेही सध्या ‘सायटीस’च्या यादीत नाहीत.

पण नोंदणी नाही म्हणजे मोकळीक नाही. परदेशातून जिवंत प्राणी आणायला आयात परवानगी आणि पशुरोग तपासणी लागते. प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, उपाशी ठेवणे किंवा उपचार न करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो कोणत्याही यादीत असो वा नसो.

महापालिका आणि सोसायटीचा अधिकार किती?

मुंबई, पुण्यासह मोठ्या महापालिकांत कुत्र्यासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला मागितला जातो. पुण्यात मांजरांसाठीही नोंदणीचा नियम आहे. शहरी भागात गाई-म्हशी ठेवायच्या तर १९७६ च्या राज्य कायद्याखाली वेगळा परवाना लागतो.

मात्र लक्षात घ्या, विदेशी किंवा वन्य प्राण्याचा परवाना महापालिका देत नाही. तो विषय वन विभागाचा आहे. ‘नगरसेवकांना विचारलंय’ किंवा ‘सोसायटीची हरकत नाही’ याला इथे अर्थ नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कायदेशीर पाळीव प्राण्यावर सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव कुत्र्यांबाबत हे स्पष्ट केले आहे. पण शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची असते. प्राण्यामुळे कुणाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परदेशातले व्हिडिओ पाहताना एक फरक ध्यानात ठेवा. ब्रिटनमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्यानुसार स्थानिक कौन्सिल घराची तपासणी करून, विम्याची अट घालून अशा प्राण्यांसाठी परवाना देते. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. तिथे परवान्याने दिसणारा प्राणी इथेही परवान्याने मिळेल, असे नाही.

माणूस जातो, प्राणी राहतो

कायद्याइतकाच व्यवहाराचा प्रश्न आयुष्याचा आहे. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षे सहज जगू शकतो. पंचविशीत घेतलेला पक्षी तुमच्या निवृत्तीलाही सोबत असेल. बदली झाली, घर बदलले, मालक गेला तर त्याची नोंदणी कुणाच्या नावावर जाणार, हे घेतानाच ठरवायला हवे.

याचे सर्वात वाईट उदाहरण म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेले रेड-इअर्ड स्लायडर कासव. विकताना ते रुपयाच्या नाण्याहून थोडेसेच मोठे असते. काही वर्षांत ते जेवणाच्या ताटाएवढे होते आणि दोन-तीन दशके जगते. टाकी पुरेनाशी झाली की, अनेकजण ‘मोकळं केलं’ म्हणत ते जवळच्या तलावात सोडतात. मूळचे अमेरिकेतले हे कासव जगातील सर्वाधिक घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. ते देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याची जागा बळकावते. आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार आणि ताबा यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राला दिला आहे. कासवांपासून साल्मोनेला जिवाणूचा संसर्गही होतो. लहान मुले तोंडात घालतात म्हणून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

घरात आधीच असा प्राणी असेल तर?

- सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही, उडण्याची ताकद नसते. बाल्कनीतून सोडलेला पोपट कावळे किंवा मांजरांच्या तावडीत सापडण्याचीच शक्यता जास्त.
- महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. वन विभागाची उपचार केंद्रे आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्था पक्ष्याची तपासणी करून, शक्य असेल तर टप्प्याटप्प्याने उडण्याची सवय लावून त्याला निसर्गात सोडतात.
- विदेशी प्राण्याची मुदत चुकली असेल तर एजंटमार्फत जुन्या तारखेचे कागद बनवू नका. उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी माहिती द्या आणि तिथे सांगतील तो मार्ग घ्या.
- समाजमाध्यमांवर विक्री किंवा ‘दत्तक’ची जाहिरात टाकू नका. हस्तांतराची नोंद न करता दिलेला प्राणी घेणाऱ्यालाही अडचणीत आणतो.
- व्हिडिओ पोस्ट करण्याआधी विचार करा. सारसाच्या प्रकरणाची चर्चा व्हिडिओंपासूनच सुरू झाली होती.

थोडक्यात

देशी वन्यजीव असेल तर पाळायचा नाही, वन विभागाला कळवायचे. विदेशी आणि ‘सायटीस’च्या यादीतला असेल तर ३० दिवसांत ‘परिवेश’वर नोंदणी. यादीबाहेरचा असेल तर आयातीचा कागद, पशुवैद्यक आणि पुरेशी जागा यांची तजवीज. आणि तिन्ही बाबतींत खरेदीआधी शास्त्रीय नाव विचारायचे. जो विक्रेता ते नाव सांगू शकत नाही, त्याच्याकडचे ‘कागद’ही तुमच्या उपयोगाचे नसतात.